शेवाळं पाहायला अबू धाबीला

अबू धाबीहून परत येऊन महिना होत आला, तरी भेटेल तो पहिल्यांदा सोन्याचा भाव विचारतो. मग खजुराचा. मग ‘तिकडे पाण्यापेक्षा पेट्रोल स्वस्त, खरं का?’ हे ठरलेलं. तिथे तुम्ही काय पाहिलंत, असं विचारणारा सांगलीत अजून निघालेला नाही, आणि निघाला तरी माझं उत्तर ऐकून तो चहाचा कप खाली ठेवेल. मी तिथे शेवाळं पाहायला गेलो होतो.

हसून घ्या. आमच्या घरातही सगळ्यांचं हसून झालं आहे.

मी कॉलेजात भूशास्त्र शिकवत असे. दरवर्षी पोरांची सहल बागलकोटकडे न्यायचो. तिथल्या चुनखडीच्या दगडांत कोबी मधोमध चिरल्यावर दिसतात तशा पातळ घड्या दिसतात. जगात एकही प्राणी नव्हता तेव्हा उथळ समुद्रात बुळबुळीत थर पसरायचे, त्यावर गाळ बसायचा, गाळावर पुन्हा थर चढायचा. या घड्या म्हणजे त्याच्या खुणा. पोरं त्याच दगडांवर बसून डबे खायची आणि परतीच्या बसमध्ये गाण्याच्या भेंड्या लावायची.

आज आपण जिला हवा म्हणतो ती पृथ्वीला जन्मतः मिळालेली नाही. सुरुवातीला वर होती ती वाफ आणि ज्वालामुखींनी ओकलेले वायू. प्राणवायू जवळजवळ नाहीच. आपल्यातला कोणी तिथे जाऊन उभा राहिला असता तर लगेच आडवा झाला असता. मग या बुळबुळीत थरांनी ऊन खाऊन प्राणवायू सोडायला सुरुवात केली. आधी तो समुद्रातल्या लोखंडानं गिळला. लोखंड गंजलं आणि तळाशी बसलं. आपल्या कोकणातल्या रेडीच्या खाणीत लाल पट्टे दिसतात ते असल्याच जुन्या गंजाचे. लोखंडाची भूक भागल्यावर उरलेला प्राणवायू वर हवेत आला. मग मासे आले, मग डायनोसॉर आले, मग यथावकाश नगरपालिका आली. शास्त्रानं बोलायचं तर ही शेवाळं नव्हेतच, जिवाणू आहेत. पण ‘जिवाणू पाहायला परदेशी निघालोय’ म्हटलं असतं तर शेजाऱ्यांनी मला डॉक्टरकडे नेलं असतं.

मेलेली पाहण्यात माझी सगळी नोकरी गेली. जिवंत कधी पाहिली नव्हती. आता ती मोठ्या प्रमाणावर फार थोड्या ठिकाणी उरली आहेत, जिथलं पाणी इतकं खारट की त्यांना खाऊन टाकणाऱ्या गोगलगाईंचा तिथे टिकाव लागत नाही. अबू धाबीचा किनारा हे त्यांतलं एक.

माझा मुलगा नितीन तिथे सिव्हिल इंजिनिअर आहे. तो दरवर्षी ‘या’ म्हणायचा आणि मी दरवर्षी काहीतरी काढायचो. गुडघा दुखतो, घराला रंग द्यायचाय, झाडांना पाणी कोण घालणार. गेल्या दिवाळीत तो फोनवर म्हणाला, “बाबा, तुमची ती शेवाळं इथे आहेत. दाखवतो, या.” मी ‘बरं’ म्हटलं आणि फोन ठेवायच्या आत मालतीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, माळ्यावरून बॅगा काढायला घेतल्या.

अबू धाबी

विमानतळावरून घरी जाताना गाडीतच मी विचारलं, “कधी जायचं?”

“बघू ना बाबा. आधी आराम करा.”

आपल्या घरांत मुलगा बापाला ‘नाही’ म्हणत नाही. तो ‘बघू’ म्हणतो. मीही माझ्या वडिलांना जन्मभर ‘बघू’च म्हणत आलो, त्यामुळे मला त्यातलं सगळं कळतं. नितीनच्या इमारतीची लिफ्ट बंद होती. ती कधी सुरू होणार असं वॉचमनला विचारलं की तो छातीवर हात ठेवून “इन्शाल्ला” म्हणायचा. देवाचं नाव घेणाऱ्यावर चिडता येत नाही. ‘बघू’ म्हणणाऱ्यावर येतं, आणि मी जिना चढता चढता चिडत असे.

तिथे सुट्टी शुक्रवारची, आणि शुक्रवार म्हणजे जेवण. अबू धाबीत येणारे आईवडील हे एकट्या मुलाचे पाहुणे नसतात, सगळ्या मराठी मंडळींचे असतात. एका घरी जेवलात की दुसऱ्या घराला बोलवावंच लागतं. पहिल्या शुक्रवारी एका कुलकर्ण्यांकडे श्रीखंड-पुरी झाली. एसी इतका गार की श्रीखंड कुडकुडत खाल्लं. मी शेवाळांचं सांगितलं तर यजमान म्हणाले, “काका, त्यासाठी कुठे बाहेर जाता? आमच्या बाथरूममध्ये पुष्कळ आहेत.” सगळे हसले. सर्वांत मोठ्यानं नितीन हसला.

पुढच्या शुक्रवारी वाळवंटात जीप उड्या मारते ती सहल होती. तिच्याबद्दल माझ्या पोटाला विचारा, मी लिहिणार नाही.

तिथल्या वर्तमानपत्रात भरती-ओहोटीच्या वेळा छापून येत. शेवाळं ओहोटीला उघडी पडतात, म्हणून मी रोज सकाळी नाश्त्याला त्या वेळा मोठ्यानं वाचून दाखवायचो. सून वैशाली पोळी लाटता लाटता “हो बाबा” म्हणायची. नात सई शाळेचे बूट घालत म्हणायची, “आजोबा, नोबडी केअर्स अबाउट टाइड्स.” नितीन तोवर लॅपटॉपची बॅग घेऊन जिन्यात पोचलेला असायचा. मालती मला खुणेनं गप्प बसायला सांगायची. ती तिथे अतिशय खूश होती. सुपरमार्केटात कोथिंबिरीच्या जुडीसमोर उभी राहून दिरहॅमचे रुपये करायचे आणि “बाई गं!” म्हणून जुडी परत ठेवायची, हा तिचा रोजचा कार्यक्रम होता.

रुवैसच्या वाटेवर

संक्रांतीच्या शुक्रवारी रुवैसला हळदीकुंकू होतं. रुवैस म्हणजे तेलशुद्धीकरणाचं गाव, अबू धाबीच्या पश्चिमेला गाडीनं बरंच लांब. आपल्याकडे हळदीकुंकवाला बायका शेजारच्या गल्लीत जातात. तिथल्या बायका वाळवंट ओलांडून जातात, आणि नवऱ्यांना गाडी चालवावी लागते.

तो रस्ता किनाऱ्याला धरून जातो. उजव्या हाताला सबखा, म्हणजे मिठानं पांढरी पडलेली, पोळपाटासारखी सपाट जमीन, आणि तिच्या टोकाला समुद्राची निळी रेघ. त्या रेघेच्या अलीकडे काळसर पट्टा दिसत होता. माझं नाक काचेला चिकटलं.

“नितीन, थांब.”

“बाबा, हळदीकुंकवाला उशीर होईल.”

“ओहोटी आहे. मी सकाळीच वाचलंय. थांब म्हणतो ना!”

त्यानं बापाला ‘नाही’ म्हटलं नाही. त्या दिवशी म्हणायला हवं होतं. त्यानं गाडी रस्त्यावरून खाली उतरवली. सबखाचा वरचा थर भाजलेल्या भाकरीसारखा कडक दिसतो, खाली मात्र नुसता चिखल. गाडी थोडीशीच पुढे गेली आणि चाकं फसली. नितीननं जोर लावला तशी ती आणखी बसली. काळी चंद्रकळा नेसलेली मालती, तसलीच काळी साडी नेसलेली वैशाली आणि तिळगुळाचा डबा धरलेली सई, अशा तिघी त्या पांढऱ्या शुभ्र मैदानात उभ्या राहिल्या. वारा साड्यांत शिरत होता. मी समुद्राकडे चालू लागलो तर मालती ओरडली, “अहो, एक पाऊल पुढे टाकलंत तर मी इथूनच सांगलीला जाईन!” मी परत फिरलो.

एका पठाण ट्रकवाल्यानं दोरखंड लावून गाडी ओढून काढली. नितीन त्याला पैसे देऊ लागला तर तो घेईना, तेव्हा सईनं तिळगूळ पुढे केला. तो त्यानं घेतला. “खलास,” नितीन हात झटकत म्हणाला, “आता डायरेक्ट रुवैस.” तोवर भरती लागली होती. हळदीकुंकवात मला पुरुष मंडळींबरोबर बसवलं आणि सगळ्यांनी मला सोन्याचा भाव सांगितला.

फुजैरा

परत निघायच्या आधीच्या शुक्रवारी नितीनच्या मनात काय आलं कोण जाणे, तो स्वतःहून म्हणाला, “बाबा, तुम्हाला दगड हवेत ना? चला फुजैराला. आख्खे डोंगर आहेत.”

फुजैरा म्हणजे देशाच्या पार पूर्वेचं टोक. मला दगड नको होते. पण खोटं का सांगू, ते डोंगर समोर आल्यावर माझा राग जरा निवळला. काळपट तपकिरी, एका झाडाचीही लाज न राखलेले. हा खडक जमिनीवर तयार झालेला नाही. समुद्रतळाचा आणि त्याखालच्या प्रावरणाचा हा तुकडा पृथ्वीच्या पोटातून ढकलला जाऊन वर आलेला. आपण जन्मात जिथे जाऊ शकणार नाही ती जागा इथे रस्त्याच्या कडेला आलेली आहे. मी गाडी थांबवायला लावली आणि हात लावून पाहिला. सईला म्हटलं, “हा पृथ्वीच्या आतला दगड आहे, बरं का.” ती म्हणाली, “सो द अर्थ इज ब्राऊन इनसाइड? बोअरिंग.” तिला वाटलं हाच तो पृथ्वीवरचा पहिला दगड. तिला सांगावं लागलं की वयानं हा सह्याद्रीच्या पाषाणाहून जरासाच वडील, आणि पृथ्वीच्या मानानं दोघेही कालची पोरं.

पुढे एका खाणीच्या फाटकापाशी एक माणूस हात हलवत धावत आला. “नितीन सर! तुमी इकडे कुठे?” हा विल्सन, नितीनच्या कंपनीचा सुपरवायझर, मूळ वसईचा. मराठी माणूस दिसल्यावर त्याला कोण आनंद झाला. त्यानं आम्हाला आपल्या पत्र्याच्या केबिनमध्ये नेलं आणि चहा ठेवला. बायकोनं डब्यात दिलेले फुगे, म्हणजे त्यांच्याकडचे तळलेले गोल पाव, त्यानं आमच्यापुढे मांडले. नितीनला फोन आला म्हणून तो बाहेर गेला. सईला घेऊन बायका ट्रक बघायला गेल्या.

“एवढा दगड जातो कुठे?” मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

“सरांच्याच साइटवर की! अबू धाबीला. खाडी भरायची हाय ना, विला बांधायला. लई बेकार जागा, काका. काळा चिखल, रबरासारखा. वरून हिरवट आणि फोडला की असा वास मारतो!” त्यानं नाक धरून दाखवलं. “मशीन रुतते ना तिथे. म्हणून हा इकडचा दगड टाकतात. आता संपतच आली. एक छोटा तुकडा राहिलाय, तो उद्या भरला की खलास.”

फुगा माझ्या हातात तसाच राहिला. वर हिरवट, खाली काळा, रबरासारखा, आणि वास. माझ्या विद्यार्थ्यांना इतकं नीट वर्णन कधी जमलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर सई आणि बायका मागे झोपल्या. मी पुढे नितीनशेजारी बसलो होतो. मला आवाज चढवायचा होता आणि चढवता येत नव्हता, त्यामुळे मी दबक्या आवाजात ओरडलो.

“तुझ्याच साइटवर आहेत?”

तो रस्त्याकडे बघत राहिला.

“महिनाभर मला श्रीखंड खायला घालतोयस, जीपमधून आपटतोयस, आणि तू स्वतः ती बुजवतोयस?”

“मी नाही बुजवत बाबा, कंपनी बुजवते. मी नाही म्हटलं तर दुसरा इंजिनिअर येईल आणि माझा व्हिसा कॅन्सल होईल. सईची शाळा आहे, घर आहे.”

“मग दाखवतो म्हणून बोलावलंस कशाला?”

त्यानं एसी उगाच कमी-जास्त केला. मग म्हणाला, “त्याशिवाय तुम्ही आला असता?”

याचं उत्तर त्याला ठाऊक होतं.

“बोलावलं तेव्हा पुष्कळ शिल्लक होती. आल्या आल्या दाखवणार होतो, देवाशपथ. मग शेड्यूल अलीकडे आलं. म्हटलं, तुम्ही बघाल, मग माझ्याकडे बघाल. ते नको वाटलं. त्यापेक्षा भरून झाल्यावर सांगू, उशीर झाला म्हणून.”

असा राग मला आयुष्यात फार थोड्या वेळा आला आहे. बिचाऱ्या नितीनवर आला, त्याच्या कंपनीवर आला, ‘बघू’ या शब्दावर तर फारच आला. रस्त्याला दगडांनी भरलेले ट्रक आमच्याच दिशेनं चालले होते आणि आम्ही एकेकाला मागे टाकत होतो. पृथ्वीच्या पोटातून वर आलेला खडक पृथ्वीवरच्या पहिल्या जिवांच्या डोक्यावर ओतायला निघाला होता, आणि त्यावर सही माझ्या मुलाची होती.

“उद्या सकाळी मला घेऊन चल,” मी म्हटलं.

“बघ—” इतकं म्हणून तो थांबला. मग म्हणाला, “चला.”

खाडी

साइटवर मला एक पिवळं हेल्मेट दिलं. ते डोळ्यांवर यायचं. दोन्ही बाजूंना फुजैराच्या दगडांचे ढीग, मध्ये आपल्या घरापुढच्या अंगणाएवढी जागा उघडी, आणि तिच्या पलीकडच्या टोकाला समुद्र. एवढीच उरली होती.

मी चपला काढल्या. देवळात काढतो तशा नव्हे, त्या रुतत होत्या म्हणून काढल्या. पण काढल्या हे खरं.

पायाखाली चामड्यासारखं मऊ लागलं. कडेला, जिथे ऊन लागून सुकलं होतं, तिथे थराला भेगा पडून तुकड्यांच्या कडा वर वळल्या होत्या, गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांसारख्या. नितीननं गवंड्याची थापी आणून दिली. मी एका ठिकाणी हलकेच कापलं. वर हिरवा थर, त्याखाली गुलाबी-जांभळा, त्याखाली काळा, आणि मग सडक्या अंड्यांचा सणसणीत वास. नितीननं तोंड फिरवलं. मी मात्र पोटभर घेतला. त्या काळ्या थरात प्राणवायू पोचत नाही. प्राणवायूच्या आधीच्या जगाला वास असलाच तर तो असाच असावा. इतकी वर्षं फळ्यावर मी रंगीत खडूनं हे थर काढत आलो आणि हिरव्याखाली गुलाबी काढायला विसरत आलो होतो.

पुढे समुद्राच्या बाजूला पाणी हळूहळू आत येत होतं. थरावर बोटभरसुद्धा नव्हतं. उन्हात त्या पाण्याखाली, हिरव्या थराला चिकटून, मोहरीएवढे असंख्य बुडबुडे चमकत होते. एखादा सुटायचा, वर यायचा आणि फुटायचा. माझा राग कुठे गेला मला कळलं नाही. मी गुडघ्यांवर बसलो, आणि मला रडू आलं. लपवत नाही.

नितीनही शेजारी उकिडवा बसला. “हे बबल्स कसले, बाबा? चिखलातला गॅस?”

“प्राणवायू.”

“म्हणजे आत्ता बनतोय?”

“आत्ता. तुझ्यासमोर.”

तो खाली वाकून पाहत राहिला. “रोज इथून जातो मी,” एवढंच म्हणाला.

“आणि आता विचारतोस!” माझा राग परत आला. त्याला काही अर्थ नव्हता, पण आला.

मागे डंपर येऊन उभा होता. खिडकीतून डोकं काढून ड्रायव्हरनं विचारलं, “साब, डालूँ क्या?”

“रुको खानसाब.” नितीन उठला. त्यानं आपला जेवणाचा डबा रिकामा करून माझ्यापुढे धरला. “बाबा, एक पीस कापून घ्या. मी नीट पॅक करून देतो. कॉलेजला द्या.”

मी तुकड्याकडे पाहिलं. डब्यात दोन दिवसांत त्याचं काय होणार ते मला माहीत होतं. “नको,” मी म्हटलं. “मेलेली माझ्याकडे पुष्कळ आहेत.”

मी कापलेला तुकडा परत जागेवर बसवला आणि तळव्यानं दाबला. खानसाबनं हॉर्न वाजवला. लांबून कुणीतरी “यल्ला, यल्ला”, म्हणजे ‘चला, आटपा’, असं ओरडलं.

“बाबा, गाडीत बसा. धूळ उडेल, तुम्हाला त्रास होईल.”

“मी नाही जाणार. शेवटच्या वेळी घरचं कोणीतरी जवळ असावं लागतं.”

मी कडेच्या दगडांच्या ढिगावर चढून उभा राहिलो. दगडांवरून चढून नितीनही माझ्याजवळ येऊन उभा राहिला आणि त्यानं डोक्यावरचं हेल्मेट काढलं. मीही काढलं. खाली बुडबुडे येतच होते. खानसाब आरशातून आमच्याकडे पाहत थांबला होता, कारण साहेबानं हात वर करून खूण केल्याशिवाय तो दगड ओतू शकत नव्हता. नितीननं एका हातानं माझा दंड धरला, आणि दुसरा हात वर केला.